रक्ताचा प्रवास आणि पेशींचे आयुष्य : प्रतिरक्षा-पेशींच्या कार्यचाचण्यांसाठी रक्तनमुने घेण्याचा व पाठविण्याचा इतिहास

प्रस्तावना

रोगप्रतिकारक पेशींचे कार्य तपासण्यासाठी रक्त मागविणाऱ्या प्रयोगशाळांच्या सूचनापत्रकांत काही आज्ञा हमखास आढळतात. रक्त हिरव्या झाकणाच्या, म्हणजे हेपॅरिनयुक्त नळीत घ्यावे. नळी हलकेच उलटसुलट करावी, जोराने हलवू नये. नमुना बर्फात ठेवू नये आणि उन्हातही ठेवू नये. सुट्टीच्या आदल्या दिवशी पाठवू नये. एखाद्या निरोगी व्यक्तीचे रक्त त्याच वेळी घेऊन रुग्णाच्या रक्तासोबत पाठवावे. लस, दूध आणि रक्तपेढीतील पिशव्या थंड जागी जपाव्यात असा धडा गिरवलेल्या कर्मचाऱ्याला यांतील निम्म्या आज्ञा विक्षिप्त वाटतात. त्यांची कारणे पत्रकात दिलेली नसतात, आणि म्हणूनच त्या मोडल्याही जातात.

या आज्ञांपैकी जवळपास प्रत्येकीमागे काही दशकांचा इतिहास आहे. वैद्यकाच्या इतिहासलेखनात चाचणीचा शोध लावणाऱ्यांना मानाचे स्थान मिळते; रुग्णाच्या दंडातून निघालेले रक्त प्रयोगशाळेच्या मेजापर्यंत कसे पोहोचले, हा प्रश्न मात्र तांत्रिक तपशील समजून बाजूला ठेवला जातो. प्रस्तुत लेखात याच दुर्लक्षित बाजूचा मागोवा घेतला आहे. पेशींचे कार्य मोजणाऱ्या चाचण्यांनी रुग्णाच्या पेशींबरोबर रुग्ण आणि प्रयोगशाळा यांच्यामधील अंतरही मोजले आहे, आणि ही दोन मोजमापे एकमेकांपासून वेगळी करणे हीच या क्षेत्रातील दीर्घकाळची अडचण ठरली आहे, असे या इतिहासावरून दिसते.

टपालाने जाणारे रक्त

रक्ताचा नमुना दूरवर पाठविण्याची कल्पना नवी नाही. इ. स. १८९६ मध्ये पॅरिस येथे फर्नांड विडाल यांनी विषमज्वराच्या रुग्णाच्या रक्तरसाने त्या रोगाचे जंतू एकमेकांना चिकटतात, हे निदानासाठी वापरून दाखविले. त्याच वर्षी कॅनडातील माँट्रियल येथे वायट जॉन्स्टन यांनी या चाचणीला एक व्यवहार्य रूप दिले. ताज्या रक्तरसाची गरज नाही, कागदावर वाळविलेला रक्ताचा थेंबही पुरतो, असे त्यांना आढळले. गावोगावच्या डॉक्टरांनी थेंब वाळवून तो पाकिटातून पाठवावा आणि प्रयोगशाळेने तो पाण्यात विरघळवून तपासावा, अशी ही सोय होती. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व मोठे होते, कारण रुग्णाला जागेवरून न हलविता रोगाचे निदान शहरात होऊ लागले.

हे शक्य झाले, कारण विडाल चाचणी रक्तातील प्रतिपिंडे शोधते. प्रतिपिंडे ही प्रथिने आहेत. ती वाळली, थंड झाली किंवा काही दिवस पडून राहिली तरी बव्हंशी टिकतात. त्यांना जिवंत राहण्याची गरज नसते.

पेशींची गोष्ट निराळी. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे एली मेचनिकॉफ यांनी १८८० च्या दशकात मांडले होते. परंतु एखाद्या विशिष्ट रुग्णाच्या पेशी किती जंतू गिळतात, हे अंकांत मोजण्याची रीत १९०२ साली विल्यम लिशमन यांनी दिली. लिशमन हे ब्रिटिश सैन्यातील वैद्यकीय अधिकारी होते आणि त्यांच्या सेवेची काही वर्षे हिंदुस्थानात गेली होती. त्यांच्या पद्धतीत रुग्णाचे ताजे रक्त व जंतूंचे मिश्रण थोडा वेळ उबेत ठेवून पेशींच्या पोटात गेलेले जंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजले जात. प्रतिरक्षा-पेशींची ही बहुधा पहिली संख्यात्मक कार्यचाचणी होय. ती रुग्णाच्या खाटेजवळच होऊ शकत होती.

पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात आल्मरॉथ राइट व स्ट्युअर्ट डग्लस यांनी या पद्धतीत एक बदल केला, आणि पुढील अर्धशतकाची दिशा त्याने ठरविली. त्यांनी रक्तरस आणि पेशी वेगळ्या केल्या. रुग्णाच्या बोटातून घेतलेले थोडेसे रक्त काचेच्या लहान वक्र नळीत भरून टोके ज्योतीवर वितळवून बंद केली जात. नळीतले रक्त गोठले की वर सुटणारा रक्तरस चाचणीला वापरला जाई. जंतू गिळण्याचे काम करणाऱ्या पेशी मात्र प्रयोगशाळेतल्याच निरोगी माणसाच्या असत. त्याचे बोट टोचून रक्त सायट्रेट मिसळलेल्या खारट पाण्यात घेतले जाई व पेशी धुऊन काढल्या जात. रुग्णाच्या रक्तरसाबरोबर पेशी किती जंतू गिळतात आणि निरोगी रक्तरसाबरोबर किती गिळतात, यांचे गुणोत्तर म्हणजे 'ऑप्सोनिक निर्देशांक'. जंतूंना पेशींसाठी 'रुचकर' करणारे द्रव्य रक्तरसात असते, हा त्यांचा निष्कर्ष बरोबर होता. बर्नार्ड शॉ यांच्या १९०६ च्या 'द डॉक्टर्स डायलेमा' या नाटकातील एक पात्र राइट यांच्यावरूनच बेतलेले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. राइट यांच्या पद्धतीने अंतराचा प्रश्न सोडविला, पण तो रुग्णाच्या पेशी चाचणीतून वगळून. प्रवास करायचा तो रक्तरसाने. जिवंत पेशी जागेवरच्या. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी निकामी असतील, तर हा निर्देशांक ते सांगू शकत नव्हता. १९०६ मध्ये आलेल्या वासरमन चाचणीनेही रक्तरसच मागितला. त्यानंतरच्या काळात 'रक्ताचा नमुना' म्हणजे रक्तरसाचा नमुना असे समीकरण प्रयोगशाळांत रुळले. रुग्णाची पेशी तपासावी असा प्रश्नच सुमारे पन्नास वर्षे क्वचित विचारला गेला, यात प्रतिपिंडांविषयीच्या सैद्धांतिक आकर्षणाइतकाच नमुना पाठविण्याच्या सोयीचाही वाटा असावा.

कॅल्शियमचा धागा

पेशी तपासायच्या तर रक्त गोठू देऊन चालत नाही. गुठळीत पेशी अडकतात. गोठण्यासाठी रक्तात कॅल्शियम लागते, हे फ्रान्समध्ये मॉरिस आर्थस व कॅलिस्ट पाझे यांनी १८९० मध्ये दाखविले. ऑक्झॅलेट मिसळून कॅल्शियम बांधून टाकले की रक्त प्रवाही राहते. सायट्रेटही तेच करते. १९१४ साली ब्रुसेल्समध्ये आल्बेर ह्युस्तँ आणि ब्यूनोस आयर्समध्ये लुईस आगोते यांनी माणसाला रक्त देताना सायट्रेट वापरले. १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड लेविसोन यांनी त्याचे सुरक्षित प्रमाण निश्चित केले. १९१७ मध्ये पश्चिम आघाडीवर ऑस्वल्ड रॉबर्टसन यांनी सायट्रेट व ग्लुकोज घातलेले रक्त बर्फात ठेवून जखमी सैनिकांसाठी साठा केला. १९३७ मध्ये शिकागोत रक्तपेढी उघडली, १९४३ मध्ये इंग्लंडमध्ये लाउटिट व मॉलिसन यांनी आम्ल-सायट्रेट-डेक्स्ट्रोजचे मिश्रण सिद्ध केले. रक्त, सायट्रेट आणि थंडावा ही त्रयी अशा रीतीने पक्की झाली. तिची कसोटी होती तांबड्या पेशी. तांबड्या पेशीला केंद्रक नसते, ती विभागत नाही, कोणत्याही जंतूला उत्तर देत नाही. थंडीत तिची चयापचय क्रिया मंदावते आणि ती टिकते.

तांबड्या पेशी व रक्तरस यांच्या या टिकाऊपणाचा एक संस्मरणीय दाखला मुंबईचा आहे. १९५२ मध्ये वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांनी रूथ सँगर, आर. आर. रेस, मॉर्गन व वॉटकिन्स या लंडनच्या संशोधकांसमवेत एका नव्या रक्तगट-गुणाचे वर्णन 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. हाच पुढे 'बाँबे रक्तगट' म्हणून जगभर ओळखला गेला. मुंबईतील रुग्णांच्या रक्ताचा अभ्यास लंडनमध्येही होऊ शकला, कारण तपासायचे होते ते तांबड्या पेशींवरील प्रतिजन आणि रक्तरसातील प्रतिपिंडे. त्याच लोकांच्या लसीकापेशी कशा वागतात हे विचारायचे असते, तर तेवढ्या प्रवासानंतर मिळालेल्या उत्तरावर विसंबता आले नसते.

कॅल्शियमला हात न लावता रक्त प्रवाही ठेवणारे द्रव्य दुसऱ्याच वाटेने हाती आले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत जे मॅक्लीन हा विद्यार्थी रक्त गोठविणाऱ्या द्रव्याचा शोध घेत होता. १९१६ मध्ये त्याला यकृतातून उलट गुणाचे, गोठणे थांबविणारे द्रव्य मिळाले. पुढे हॉवेल यांनी १९१८ मध्ये यकृतासाठीच्या ग्रीक शब्दावरून 'हेपॅरिन' हे नाव रूढ केले. १९३० च्या दशकात टोरांटो व स्टॉकहोम येथील संशोधकांनी ते पुरेसे शुद्ध केले. हेपॅरिन महाग होते आणि रोजच्या रक्तगणनेला त्याची गरज नव्हती. तिथे १९५० च्या दशकात ईडीटीए हे कॅल्शियम पकडणारे स्वस्त रसायन आले, आणि आजही जांभळ्या झाकणाच्या नळीत तेच असते. निर्वात काचनळीचा वापर १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. पुढे झाकणाचा रंग हीच आतील द्रव्याची ओळख झाली.

राजमा आणि लसीकापेशी

१९४९ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन येथे ली व ऑसगुड यांनी लाल घेवड्यापासून, म्हणजे आपल्याकडील राजम्याच्या दाण्यांपासून काढलेला एक अर्क रक्तातील तांबड्या पेशी बाजूला काढण्यासाठी वापरला. तो मिसळला की तांबड्या पेशी गोळा होऊन तळाशी बसत व पांढऱ्या पेशी वर उरत. या अर्काचे नाव फायटोहीमॅग्लुटिनिन. फिलाडेल्फियातील पीटर नॉवेल रक्तपेशींचे संवर्धन करताना तोच अर्क वापरीत. संवर्धनातील पांढऱ्या पेशी दोन-तीन दिवसांनी विभागू लागतात, हे त्यांना दिसत होते. कारण उमगत नव्हते. एकेक घटक वगळून पाहताना हा अर्क वगळला की विभाजन थांबते, असे त्यांना आढळले. १९६० मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. केवळ गाळणीसारखे वापरलेले द्रव्य पेशींना जागे करीत होते.

लहान लसीकापेशी ही आयुष्याच्या अखेरीस पोहोचलेली, पुढे काही न करणारी पेशी आहे, अशी त्या काळी अनेकांची समजूत होती. तिला या शोधाने धक्का बसला. १९६३ मध्ये न्यूझीलंडमधील पिअरमेन, लायसेट व फिट्झजेराल्ड यांनी क्षयरोगाच्या ट्युबरक्युलिनमुळे संवेदनशील व्यक्तींच्या पेशी विभागतात, असे दाखविले. रोगप्रतिकारक स्मृती आता नळीत पाहता येत होती. रुग्णाच्या लसीकापेशी सुमारे तीन दिवस ३७ अंश सेल्सियसला राजम्याच्या अर्कासह ठेवायच्या आणि किरणोत्सर्गी थायमिडीन त्यांच्या डीएनएत किती शिरले ते मोजायचे, ही लसीकापेशी-रूपांतरण चाचणी जन्मजात प्रतिरक्षा-न्यूनता असलेल्या बालकांच्या निदानात स्थिरावली. १९६८ मध्ये नॉर्वेच्या आर्ने बॉयुम यांनी फिकॉल व आयसोपेक यांच्या द्रावणावर रक्त अलगद ओतून केंद्रोत्सारकात फिरविण्याची पद्धत दिली. त्या द्रावणाची घनता अशी बेतलेली असते की तांबड्या व कणयुक्त पांढऱ्या पेशी खाली जातात आणि लसीकापेशींचा पांढुरका थर मधोमध तरंगतो.

नमुन्याच्या प्रश्नाने येथे वेगळे वळण घेतले. लसीकापेशीला जागे होण्यासाठी कॅल्शियम लागते. कॅल्शियम काढून घेतल्यास राजम्याचा अर्कही निष्प्रभ ठरतो, हे १९७० च्या सुमारास स्पष्ट झाले. रक्त गोठू नये म्हणून ज्या मूलद्रव्याला बांधून ठेवायचे, त्याच्यावाचून पेशी बोलेनाशी होत होती. पेशी धुऊन नव्या पोषक द्रावणात घेतल्यास सायट्रेटचा परिणाम बराचसा जातो, त्यामुळे ते सर्वस्वी निषिद्ध ठरले नाही. परंतु न धुतलेल्या संपूर्ण रक्तावर करावयाच्या चाचण्यांना हेपॅरिनशिवाय पर्याय उरला नाही. हिरव्या झाकणाचा आग्रह येथून आला. दुसऱ्या बाजूने पाहता हेपॅरिन डीएनएची साखळी-अभिक्रिया बिघडविते, म्हणून त्याच रुग्णाच्या जनुकचाचणीला जांभळ्या झाकणाची नळी लागते. एकाच बालकाचे रक्त दोन नळ्यांत घ्यावे लागते आणि त्यांची अदलाबदल झाली तर दोन्ही चाचण्या धोक्यात येतात.

थंडीचा धडाही येथे उलटला. गार रक्तातून लसीकापेशी वेगळ्या करताना त्यांतील बऱ्याच हाती लागत नाहीत आणि उरलेल्यांचा प्रतिसाद मंदावतो. म्हणून नमुना खोलीच्या तापमानाला ठेवण्याची पद्धत पडली. युरोपातील प्रयोगशाळेत 'खोलीचे तापमान' म्हणजे साधारण २० अंश. विदर्भात मे महिन्यात त्याच शब्दांचा अर्थ काय होईल, याचा विचार त्या सूचनांत नव्हता. थर्मोकोलच्या पेटीत नमुन्याला न टेकतील अशा बेताने गार पिशव्या ठेवण्याची रीत उष्ण प्रदेशांत आली ती या दोन टोकांमधली तडजोड म्हणून. गार पिशवी नळीला चिकटून राहिली तर रक्त आंबते. ती नसली तर शिजते.

सोबतीचा नमुना

भक्षकपेशींची स्थिती याहून नाजूक आहे. रक्तप्रवाहातील न्यूट्रोफिल पेशीचे आयुष्य अल्प असते. १९५७ मध्ये मिनेसोटा येथील बेरेंडेस, ब्रिजेस व गुड यांनी वारंवार पू होऊन दगावणाऱ्या मुलग्यांच्या एका आजाराचे वर्णन केले. त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे होती, पांढऱ्या पेशींची संख्याही पुरेशी होती. प्रचलित कोणत्याही तपासणीत दोष सापडत नव्हता. १९६६ मध्ये त्याच केंद्रातील होम्स, क्वी, विंडहॉर्स्ट व गुड यांनी दाखविले की या मुलांच्या पेशी जंतू गिळतात, पण मारू शकत नाहीत. राइट यांच्या निर्देशांकाला हा दोष कधीही दिसला नसता. एक तर त्या पद्धतीत पेशी दुसऱ्याच्या असत, आणि दुसरे म्हणजे गिळणे येथे शाबूतच होते. १९६८ मध्ये बोस्टनच्या बेनर व नेथन यांनी पिवळसर एनबीटी रंगद्रव्याची चाचणी मांडली. निरोगी पेशी उत्तेजित झाली की ते रंगद्रव्य निळे-काळे होते. या रुग्णांच्या पेशींत ते तसेच राहते. १९९० च्या दशकात फ्लो सायटोमीटरवर करावयाची डीएचआर चाचणी आली व तिने आजार पुढे नेणाऱ्या मातेच्या रक्तातील सदोष आणि निर्दोष पेशींचे दोन गटही वेगळे दाखविले.

आता कल्पना करावी की एका जिल्हा रुग्णालयातून निघालेली नळी रात्रभर वाहनात, मग दुपारभर कुरियरच्या कार्यालयात पडून दुसऱ्या दिवशी सायंकाळी प्रयोगशाळेत पोहोचली. चाचणीत रंग बदलला नाही. हा निकाल बालकाचा की प्रवासाचा? अहवालावर दोन्ही एकसारखेच दिसतात. चुकीच्या निकालाची किंमतही लहान नाही : निरोगी बालकाला आयुष्यभराची औषधे व मातापित्यांना अकारण जनुकीय दोषाचे ओझे, किंवा नमुना बिघडला असेल असे समजून खऱ्या रुग्णाची चाचणी लांबणीवर आणि दरम्यान एखादा प्राणघातक संसर्ग.

यावर निघालेला उपाय अत्यंत साधा आहे, आणि या संपूर्ण इतिहासातील सर्वांत समंजस उपाय म्हणून त्याकडे पाहता येईल. रुग्णाचे रक्त घेताना त्याच वेळी, तशाच नळीत, नात्यात नसलेल्या निरोगी व्यक्तीचे रक्त घ्यायचे आणि दोन्ही नळ्या एकाच पेटीतून पाठवायच्या. निरोगी नमुन्यातही दोष दिसला तर तो प्रवासाचा; फक्त रुग्णाच्याच नमुन्यात दिसला तर तो रुग्णाचा असण्याची शक्यता बळावते. अंतराचे मोजमाप यात प्रथमच वेगळे काढले गेले. व्यवहारात मात्र याच आज्ञेकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. आजारी मुलासाठी दुसऱ्या कोणी दंडात सुई टोचून घ्यावी, याचे कारण समजावून सांगण्यास रक्त घेणाऱ्याकडे वेळ असतोच असे नाही. पुष्कळदा बाप पुढे होतो. तो नात्याचा असल्याने आदर्श जोडीदार नव्हे, पण प्रवासाची साक्ष त्याचेही रक्त देते.

मुंबईत १९५७ मध्ये सुरू झालेले रक्तगट संदर्भ केंद्र पुढे परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय रुधिर-प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत परिणत झाले. बाँबे रक्तगटाचे एक शोधकर्ते भाटिया यांचा या संस्थेशी घनिष्ठ संबंध होता. जन्मजात प्रतिरक्षा-न्यूनतेच्या निदानासाठी ही संस्था देशातील एक प्रमुख केंद्र झाली आहे. तांबड्या पेशींच्या निश्चिंत प्रवासापासून भक्षकपेशींच्या घाईच्या प्रवासापर्यंतचे अंतर या एका संस्थेच्या कामातही दिसते.

मोजणी आणि कार्य

१९८१ मध्ये एड्सची पहिली वर्णने प्रसिद्ध झाली आणि सीडी-४ लसीकापेशींची संख्या हा जगभर परिचित आकडा झाला. ही चाचणी पेशी मोजते. त्या काम करतात की नाही हे विचारत नाही. त्यामुळे तिला ईडीटीए चालते आणि पृष्ठभागावरील खुणा टिकविणारी स्थिरकारी द्रव्येही चालतात, जरी त्यांनी पेशी मरत असली तरी. तरीसुद्धा काळ व तापमान यांच्या मर्यादा तिलाही होत्याच. भारतात १ एप्रिल २००४ पासून आठ शासकीय रुग्णालयांत विषाणुरोधक औषधे मोफत मिळू लागली, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक होते. त्या काळी लक्षणे फारशी नसलेल्या रुग्णाला औषध सुरू करण्यासाठी सीडी-४ संख्या २०० च्या खाली असावी लागे. ज्या केंद्रात यंत्र नव्हते तेथील रुग्णाचा औषधावरील हक्क अशा रीतीने एका नळीच्या वेळेवर पोहोचण्याशी जोडला गेला. २०१७ मध्ये सर्व बाधितांना संख्या न पाहता औषध देण्याचे धोरण आले, तेव्हा हा दुवा सुटला.

कार्य मोजण्याची गरज लसींच्या चाचण्यांत अपरिहार्य होती. फेब्रुवारी २००५ मध्ये पुण्याजवळ भोसरी येथील तत्कालीन राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत भारतातील पहिली एचआयव्ही लसचाचणी सुरू झाली. लसीने लसीकापेशी जाग्या केल्या काय, याचे उत्तर इंटरफेरॉन-गॅमा स्रवणाऱ्या एकेका पेशीचा ठिपका मोजणाऱ्या एलिस्पॉट चाचणीने शोधायचे होते. बहुकेंद्री लसचाचण्यांत वेगवेगळ्या देशांतील रक्त एकाच कसोटीवर यावे म्हणून पेशी वेगळ्या करून, डायमिथिल सल्फॉक्साइड मिसळून द्रव नायट्रोजनमध्ये गोठविण्याची पद्धत वापरली जाते. गोठलेली पेशी महिनोन्महिने थांबू शकते; घाई आहे ती दंडापासून त्या गोठण्यापर्यंतच्या टप्प्यात. २००७ मध्ये एचआयव्ही लसचाचण्यांच्या संदर्भात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ही मुदत आठ तास सुचविली. उशीर का बाधतो, याचाही उलगडा त्याच सुमारास होत गेला. रक्त पडून राहिले की कणयुक्त पांढऱ्या पेशी उत्तेजित होतात, त्यांची घनता बदलते, आणि बॉयुम यांच्या द्रावणात तळाशी जाण्याऐवजी त्या लसीकापेशींच्या थरात मिसळून त्यांचा प्रतिसाद दडपतात. लसीकापेशी स्वतः थकलेली नसतानाही शेजाऱ्यांमुळे गप्प होते. क्षयरोगाच्या एका व्यापारी एलिस्पॉट चाचणीत या नको असलेल्या पेशी प्रतिपिंडांनी तांबड्या पेशींना बांधून तळाशी नेण्याची युक्ती योजण्यात आली, आणि आठ तासांची मुदत ३२ तासांवर गेली.

नळी हीच प्रयोगशाळा

अंतराला सर्वांत मूलगामी उत्तर गुरांच्या कळपांतून आले. ऑस्ट्रेलियात गोवंशातील क्षयरोगाच्या उच्चाटनाची मोहीम चालू होती. ट्युबरक्युलिनची त्वचाचाचणी करायची तर गुरे एकदा टोचण्यासाठी आणि तीन दिवसांनी पुन्हा पाहण्यासाठी गोळा करावी लागत. उत्तरेकडील अफाट कुरणांत हे काम फारच अवघड होते. तेथील राष्ट्रीय विज्ञान संस्थेतील वुड, रोथेल व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये पर्याय दिला : गुराचे हेपॅरिनयुक्त रक्त घ्यायचे, न धुता, पेशी वेगळ्या न करता त्यात ट्युबरक्युलिन मिसळून रात्रभर उबेत ठेवायचे आणि रक्तद्रवात उतरलेले इंटरफेरॉन-गॅमा मोजायचे. तीच चाचणी माणसांसाठी सुधारून २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. २००५ च्या सुधारित आवृत्तीलाही रक्त बारा तासांत उबदार पेटीत पोहोचणे आवश्यक होते. २००७ मध्ये मान्य झालेल्या आवृत्तीत मात्र क्षयजंतूचे प्रतिजन व हेपॅरिन नळीच्या आतल्या बाजूलाच लावलेले होते. रक्त नळीत शिरताच प्रतिजनाशी गाठ पडते. १६ तासांच्या आत ती ३७ अंशांना ठेवली आणि ठरलेला काळ गेला की पेशीचे उत्तर रक्तद्रवात लिहिले गेलेले असते. त्यानंतर पेशी मेली तरी चालते, नमुना थंड केला तरी चालतो, टपालाने गेला तरी चालतो. पेशीला प्रवास घडविण्याऐवजी प्रश्नच तिच्याकडे नेला गेला आणि परत आले ते केवळ प्रथिन, विडाल चाचणीतल्या प्रतिपिंडासारखे टिकाऊ.

सर्वच प्रश्न असे नळीत भरता येत नाहीत. जन्मतः लसीकापेशी नसलेल्या बालकांसाठी २००५ मध्ये चॅन व पक यांनी वेगळाच मार्ग मांडला. लसीकापेशी थायमस ग्रंथीत घडत असताना तिच्या डीएनएचे एक छोटे कडे उरते. ही कडी नवजात बालकाच्या टाचेतून घेऊन कागदावर वाळविलेल्या रक्ताच्या थेंबातही मोजता येतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने २००८ मध्ये सर्व नवजातांसाठी ही तपासणी सुरू केली. २०१८ च्या अखेरीस ती त्या देशाच्या पन्नासही राज्यांत लागू झाली. जॉन्स्टन यांच्या पाकिटातला वाळका थेंब शंभराहून अधिक वर्षांनी लसीकापेशींच्या निदानात परत आला. परंतु तो थेंब पेशी आहेत की नाहीत एवढेच सुचवितो. कड्यांची संख्या कमी आढळली की त्या बालकाला पुन्हा बोलावले जाते, ताजे रक्त नळ्यांत घेतले जाते, सोबत एका निरोगी व्यक्तीचेही घेतले जाते, आणि पेटीवर वेळ लिहून ती प्रयोगशाळेकडे रवाना होते.